एकाच नावाच्या दोघी

पितृपक्षातली नवमी आमच्या घरात कधी चुकली नाही. नवरा हयात असताना जी बाई जाते, तिच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवायला घालतात. खरं तर हे मुलानं करायचं. पण माझ्या आजीच्या आईला मुलगा नव्हता, म्हणून आजीच सासरी राहून ते करायची. आजीनंतर माझ्या आईनं केलं आणि आई गेल्यावर मी करते. मी लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाले, आणि आता ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागात भाऊ शंतनुच्या घरी राहते. सणवार, कुळाचार हे सगळं त्या घरात माझ्याकडेच आलं. निवेदिता, माझी भावजय, नोकरी करते, तिला वेळ नसतो.

ज्या पणजीसाठी मी हे करत होते, तिच्याबद्दल आम्हाला एवढंच ठाऊक होतं: नाव अनसूया, १९१८ च्या मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली, तेव्हा आजी तीन वर्षांची होती.

तीन वर्षांपूर्वीच्या नवमीला सवाष्ण जेवून गेली आणि आम्ही उरलेलं आवरत होतो. शंतनुची मुलगी गरिमा फोनवर घराण्याची वंशावळ तयार करत बसली होती. ती नोएडाच्या कुठल्याशा कंपनीत काम करते आणि निम्मा महिना घरूनच करते. भिंतीवरच्या तसबिरींचे फोटो काढून ती एकेकाच्या नावापुढे लावत होती.

"आत्या, ये वाली कौन हैं?"

"अनसूयाबाई. तुझ्या पप्पांची पणजी. जिची आज नवमी केली ना, तीच."

"पण ती तर वीस-बाईस की उमर में गेली ना? इथे तर सत्तरची दिसते."

मी पदराला हात पुसत जवळ गेले. ती तसबीर आजीच्या माहेरचं घर मोडलं तेव्हा आमच्याकडे आली होती. खाली रंगानं 'कै. अनसूयाबाई' लिहिलेलं होतं, आणि बाबांनी ती आजोबांच्या शेजारी लावून टाकली होती.

"और बिंदी भी नहीं है," गरिमा म्हणाली. "तुम्ही तर सुहागनवाली नवमी करता."

इतकी वर्षं ती तसबीर मी पुसत आले होते. म्हातारी बाई, नऊवारी लुगडं, मोकळं कपाळ. हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं.

आजीचे वडील बळवंतराव संस्थानच्या महसूल खात्यात कारकून होते. बायको गेल्यावर त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दुसरीच्या नातवंडांपैकी उषाताई देवासला असतात. वर्षानुवर्षं आमचं बोलणं नव्हतं, भांडण म्हणून नाही, आपसूकच. गरिमानं कुठून कुठून विचारून त्यांचा नंबर मिळवला.

उषाताई फोनवर मोठ्यानं बोलतात. "अगं, ती तसबीर आमच्या आजीची! तिचंही नाव अनसूयाच."

"दोघींचं एकच?"

"लग्नात नाव बदलतात ना. आजोबांनी पहिलीचंच नाव दुसरीलाही ठेवलं. आजी सांगायची, ते म्हणाले, हाक मारायची सवय झाली आहे, आता नवीन कुठे लावू." त्या जराशा हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मंजिरी, तुला एक विचारू? पहिली वारली, असंच तुम्हाला सांगितलंय ना?"

"हो. साथीत."

"आमची आई वेगळं म्हणायची. पहिली मेली नव्हती म्हणे. तिला काढून दिली. छावणीत कुणा कान्होजीरावांकडे स्वयंपाकाला होती ती, बरीच वर्षं. खरं-खोटं देव जाणे. आमच्या घरात तो विषय काढायला बंदी होती."

गरिमाच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "आत्या, ढूँढते हैं ना!" तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. एक गाठ सुटतेय, आता सगळं हाती येईल.

शिंदे की छावनी आमच्या जुन्या दौलतगंजच्या घरापासून पायी जाण्याइतकी जवळ. आजी भाजीला तिथवर जायची. कान्होजीराव हे नाव आम्ही तिथल्या दुकानांतून विचारत फिरलो. तरुण लोकांना ते माहीतच नव्हतं. शेवटी एका पिठाच्या गिरणीवाल्यानं सांगितलं, "वो फौजवाले मराठा? उनके पोते हैं ना, जयसिंहराव, पीछे गली में."

जयसिंहराव पासष्टीचे, वाहतुकीच्या धंद्यातून आता मुलांवर सगळं सोडून घरी बसलेले. आम्ही का आलो ते ऐकल्यावर त्यांनी क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मी लहान होतो. पण ताईंना सगळं मालूम आहे. आत या."

शालिनीताई म्हणजे त्यांच्या सगळ्यांत थोरल्या बहीण. पंच्याऐंशीच्या. लवकर विधवा होऊन माहेरी परत आलेल्या आणि मग इथेच राहिलेल्या. पलंगावर भिंतीला टेकून मटार सोलत बसल्या होत्या. जयसिंहरावांनी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "ताई, या आपल्या बाईंच्या पणती आहेत."

मटाराची शेंग त्यांच्या हातातच राहिली.

"बाईंच्या?" त्या म्हणाल्या. "बाईंचं कोणी येईल, असं आता वाटलं नव्हतं. बस बेटा. खूप उशीर केलास."

त्या दिवशी आणि नंतरच्या चार-दोन भेटींत त्यांनी जे सांगितलं, ते मी इथे सलग सांगते आहे. त्यांनी मात्र ते तुकड्यातुकड्यानं सांगितलं, मध्येच झोप लागायची, मध्येच दुसरंच काही आठवायचं.

अनसूयेच्या बोटांवर पहिल्या बाळंतपणानंतर पांढरे डाग उठले. मग ओठांच्या कडेला. कोड. सासूनं तिच्या हातचं जेवण बंद केलं, मग तिला विहिरीवर जाऊ देणं बंद केलं. साथीच्या दिवसांत घराघरांतून माणसं जात होती, रडायलाही कुणाला फुरसत नव्हती. त्या गर्दीत एक दिवस तिला टांग्यात बसवून छावणीच्या टोकाला आणून सोडलं आणि दौलतगंजात, आजीचं माहेरही तिथलंच, सांगितलं, सून गेली. कुणी काही विचारलं नाही. मुलगी घरातच ठेवली.

"दादासाहेबांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, कान्होजीरावांनी, तिला देवळाच्या पायरीवर बसलेली पाहिली. घरी घेऊन आले. आजीसाहेबांनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, हात साफ आहेत, बास. उद्यापासून चौका-चूल तू सांभाळ. तेव्हापासून ती इथेच. आम्ही सगळे तिला बाई म्हणायचो. नाव घेऊन कुणीच हाक मारली नाही."

"माहेरी का गेली नाही?" गरिमानं विचारलं.

"गेली होती ना. सागरकडची होती ती. भावानं दारातूनच परत पाठवली. त्याच्याही घरी बहिणी होत्या लग्नाच्या."

शालिनीताईंनी मटाराचं ताट बाजूला सारलं. बाई काय रांधायची ते त्यांनी मोठ्या आनंदानं सांगितलं: गुळाची पोळी, बेसनाची धिरडी, आजारी माणसाला मुगाचं कढण. घरातल्या सगळ्या मुलांना तिनं न्हाऊ घातलं. बोलायची कमी. देवळात कीर्तन असलं की जायची, अगदी मागे बसायची, पदर तोंडावरून ओढून.

"का जायची ठाऊक आहे? तुझी आजी यायची तिथे. आधी काकूंचा हात धरून, मग सासूबरोबर, मग कडेवर पोर घेऊन. बाईनं तिला लांबूनच मोठी होताना पाहिली."

बळवंतराव वारले तेव्हा तिला कुणी कळवलं नाही. ती कुंकू लावत राहिली, मंगळसूत्र घालत राहिली. पुढच्या वर्षी का त्याच्याही पुढच्या, बाजारात दौलतगंजच्या एका बाईच्या बोलण्यातून तिला समजलं. त्या दिवशी ती घरी आली, चूल पेटवली, सगळ्यांना वाढलं, आणि मग मोरीत जाऊन कपाळ धुतलं. शालिनीताई तेव्हा लहान होत्या. त्यांना आठवतं ते इतकंच, की त्यांनी विचारलं, "बाई, टिकली कुठे गेली?" आणि बाई म्हणाली, "खूप दिवसांपूर्वीच गेली होती ग. मला कळलं आत्ता."

हे ऐकताना माझ्या मनात आमच्या नवम्या येत होत्या. ती जिवंत असताना केलेल्या, आणि विधवा होऊन मेल्यानंतर सवाष्ण म्हणून केलेल्या. मी गरिमाकडे पाहिलं, ती फोनमध्ये रेकॉर्डिंग करत होती आणि तिचे डोळे भरले होते.

"आजीला कधीच कळलं नाही का?" मी विचारलं. मला ते 'नाही' ऐकायचं होतं. मला वाटत होतं, आजी एवढी करारी बाई, तिला कळलं असतं तर ती आईला हाताला धरून घरी घेऊन आली असती.

शालिनीताईंनी पलंगावरची मटाराची टरफलं गोळा केली. मग म्हणाल्या, "बेटा, तुला त्रास होईल."

"सांगा."

"तुझ्या मोठ्या आत्याचं लग्न होतं. मी पंधरा-सोळाची असेन. बाईनं रात्रंदिवस बसून चिरोटे केले, इतके पातळ, इतके सुंदर. मला म्हणाली, शालू, माझ्याबरोबर चल, एकटीला भीती वाटते. आम्ही दौलतगंजला गेलो. मांडव घातलेला. बाईनं हातांवर शालीची टोकं घेतली होती, डाग दिसू नयेत म्हणून. तुझी आजी दारात आली. बाई काहीच बोलली नाही. नुसती डबा पुढे करून उभी राहिली. पण तुझ्या आजीनं ओळखलं. मी दोघींचे चेहरे पाहत होते ना. एकच चेहरा होता, बेटा. वयाचा काय तो फरक."

"मग?"

"तुझी आजी म्हणाली, 'माझी आई वारली. दर वर्षी तिची नवमी करते मी. तुम्ही दुसऱ्या कुणाकडे आला असाल.' 'तुम्ही' म्हणाली. आईला. मग आत गेली आणि ताटात शिधा घेऊन आली, दारावर आलेल्या ब्राह्मणाच्या बाईला देतात तसा. तांदूळ, डाळ, गूळ. बाईनं पदर पसरला आणि घेतला."

गरिमानं रेकॉर्डिंग बंद केलं.

"रस्त्यात मी रडायला लागले," शालिनीताई म्हणाल्या. "मला इतका राग आला होता. तर बाईच माझे डोळे पुसत म्हणते, 'शहाणी आहे माझी पोर. बरोबर केलं तिनं. घरात लग्न आहे.' चिरोट्यांचा डबा आम्ही परत आणला. आमच्याच मुलांनी खाल्ले."

बाई गेली ती १९६१ च्या थंडीत, निमोनियानं. दौलतगंजला निरोप पाठवला होता. कुणी आलं नाही. जयसिंहरावांच्या वडिलांनी अग्नी दिला. ती राहायची ती चौक्यामागची खोली पाडून आता तिथे तीन मजले झालेत, खाली मोबाईलचं दुकान आहे. तिची एकही वस्तू उरलेली नाही. फोटो कधी काढलाच नव्हता. ती काढू द्यायची नाही.

"माहेरचं नाव काय होतं तिचं?" मी विचारलं.

"मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, आठवत नाही." शालिनीताईंनी मान हलवली. "असं कसं आठवत नसेल? पण तसंच म्हणाली."

घरी येताना ऑटोत मी आजीचाच विचार करत होते. आजीला जाऊन तीस वर्षं होऊन गेली होती. मला तिच्याशिवाय झोप यायची नाही, इतकी मी तिची लाडकी. दर रविवारी ती आम्हा मुलींना तेल लावून न्हाऊ घालायची आणि त्याआधी खिडकीशी उजेडात उभं करून आमची कोपरं, बोटांची पेरं, ओठांच्या कडा, पापण्या नीट न्याहाळायची. हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडे वळवायची. मग हुश्श करून म्हणायची, "छान आहे माझं बाळ." ती माया आहे, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. ती माया असेलही. पण ती काय शोधत होती ते आता मला कळलं होतं, आणि त्यानंतर आजीची एकही आठवण मला जशीच्या तशी काढता येईना. तिचा हात डोक्यावर आठवला, की त्याच हातातलं शिध्याचं ताट आठवतं.

मी सागरला जाऊन आले. तिथे जुनी मराठी घरं आहेत. दोन दिवस मी विचारत फिरले. पण विचारणार काय? मुलीचं नाव ठाऊक नाही, आडनाव ठाऊक नाही, ग्वाल्हेरला कारकुनाच्या घरी दिलेली एक मुलगी, जिला भावानं दारातून परत पाठवलं. असं कोण सांगणार की हो, ते आमचंच घर? एक वृद्ध गृहस्थ फार सौजन्यानं म्हणाले, "बाई, अशा पुष्कळ मुली गेल्या असतील." मी त्यांच्याकडे चहा घेतला आणि परतीची गाडी पकडली.

तरीही मला वाटत होतं की एवढं तरी करावं: वंशावळीत तिला तिची जागा द्यावी. बळवंतरावांच्या पुढे दोन अनसूया, पहिलीपुढे १९६१, खाली शिंदे की छावनी. गरिमानं ते भरलंही होतं. मग पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं, इंदूरच्या घरात. मुलगा चांगला, अंशुल नाव, तिच्याच कंपनीत काम करणारा. ती वंशावळ गरिमानं कौतुकानं त्याच्या घरच्यांनाही पाठवून ठेवली होती.

एका संध्याकाळी शंतनु माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं.

"मंजू, ते पणजीचं प्रकरण आता बंद कर."

"प्रकरण?"

"अंशुलच्या आईनं निवेदिताला फोन केला होता. सहजच विचारलं म्हणे, पहिल्या पत्नी वेगळ्या का राहत होत्या. निवेदितानं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ते कोड वगैरे बाहेर आलं तर? लोक म्हणतात, ते पिढ्यांमधून येतं."

"शंतनु, शंभर वर्षं झाली. आपल्यात कुणाला आहे? आणि असलं तरी काय? ते काही लागण होणारं नाही."

"मला कळतं ग. तुला कळतं. त्यांना कोण समजावणार?" तो खाली बसला. तो वाईट माणूस नाही. त्याचा चेहरा उतरलेला होता. "घरात लग्न आहे, मंजू."

त्याला ठाऊक नव्हतं की तो काय बोलला. शालिनीताईंच्या तोंडून ते त्यानं ऐकलं नव्हतं, गरिमानं आणि मी ऐकलं होतं. मी गरिमाकडे गेले. ती पलंगावर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिला सगळं आधीच माहीत होतं.

"आत्या, फिलहाल रहने दो ना," ती म्हणाली. "शादी के बाद परत टाकू. प्रॉमिस."

"तुला वाटतं तू टाकशील?"

तिनं मान खाली घालून माझ्यासमोरच दोन खुणा दाबल्या. पहिलीचं नाव गेलं. आजी आपोआप दुसरीच्या खाली सरकली, आणि शेजारी ती मोकळ्या कपाळाची तसबीर आली. दिसायला ते अगदी नीटनेटकं दिसत होतं. रेकॉर्डिंगचं काय केलं, हे मी विचारलं नाही.

लग्न इंदूरला थाटात झालं. जेवणाच्या पंगतीत अंशुलची आजी माझ्या शेजारी होती. गोड बाई. माझ्या पानात आग्रहानं जिलबी वाढायला लावली आणि म्हणाली, "तुमच्या घराण्यात मुलींवर फार जीव दिसतो हो."

मी हो म्हटलं.

यंदा जानेवारीत जयसिंहरावांचा फोन आला. शालिनीताई गेल्या. तेराव्याला मी छावणीत गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. त्यांच्या सुना मला ओळखत नव्हत्या. एकीनं पाण्याचा पेला दिला आणि विचारलं, "आप किसकी तरफ से हैं?" जयसिंहराव मागून आले आणि माझ्या वतीनं म्हणाले, "ताईंच्या ओळखीच्या आहेत." त्यांनी बाईंचं नाव घेतलं नाही. त्यांना बहुधा मला अडचणीत टाकायचं नव्हतं.

मला त्यांना सांगायचं होतं की त्यांच्या वडिलांनी अग्नी दिला, त्याबद्दल आमच्या घरातून कुणी कधी दोन शब्द बोललं नाही, ते मी आज बोलायला आले आहे. पण आजूबाजूला इतकी माणसं होती, आणि त्यांना कुणीतरी सारखं हाक मारत होतं. मी पंगतीला बसले, जेवले आणि निघाले. आता तिचा चेहरा आठवणारं माणूस या जगात कुणी उरलं नाही. जयसिंहराव तेव्हा अगदी लहान होते, त्यांना फक्त एक हात आठवतो, घास भरवणारा. तो पांढरा होता की सावळा, हेही त्यांना सांगता येत नाही.